पिशवीतला किडा

"पडला! किडा पडला!"

ताडपत्रीच्या आडोशामागून आरोळी आली आणि दगडपिंपरीच्या चारा छावणीत एकच गलका उठला. बायका पदर सावरत पुढं सरकल्या, गडीमाणसं टाचा उंचावून बघू लागली, दावणीच्या बैलांनीही वैरणीतून तोंडं वर काढली. पडदा बाजूला झाला. ठसठशीत कुंकवाची एक चेलीण दोन्ही हातांत परात धरून बाहेर आली. परातीत काळपट पाणी, पाण्यावर राख आणि राखेत पांढरे, वाकडे, तांदळाच्या कणीएवढे किडे. चेलिणीच्या मागून धुरानं लाल झालेले डोळे पुसत छबुबाई बाहेर पडली. परातीकडं बघून तिनं हातच जोडले.

"बघा रं, बघा! हे एवढं हिच्या पिशवीत हुतं!" चेलीण ओरडली.

"धुरीबाबा की जय!"

खुद्द धुरीबाबा सगळ्यांकडं पाठ करून चौरंगावर बसले होते. बाबा बायकांकडं बघत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती आणि निम्मी गर्दी त्या ख्यातीवरच जमत होती. त्यांनी पाठमोऱ्यानंच हात वर केला. गर्दी चिडीचूप झाली.

"दुष्काळ पडला, टँकर आला," बाबांनी चाल धरली. "टँकरच्या पाण्यात किडा! किडा गेला पोटात, पोटातून पिशवीत, पिशवीत किडा म्हंजी क्यान्सर! डॉक्टर काय काढतो?"

"पिशवी!" गर्दी म्हणाली.

"बाबा काय काढतो?"

"किडा!"

"पिशवी जागच्या जागी, बाई कामाला उभी! फाळ कुणाचा?"

"आमचाच, बाबा!"

फाळ खरंच ज्याचा त्याचा होता. बाबांची मेख तिथंच होती. ज्या घरची बाई धुरीला बसायची, त्या घरानं आपल्या नांगराचा फाळ आणायचा. पावसाचा पत्ता नाही, नांगर घराघरांत उभे, फाळ गंजत पडलेले. तो फाळ गोवऱ्यांच्या आरात लालबुंद करायचा, पाण्यानं भरलेल्या परातीत एक वीट ठेवून तिच्यावर मांडायचा, वर बाज टाकायची, बाजेवर घोंगडं लपेटून बाई बसवायची आणि तापल्या फाळावर तुपात कालवलेला धूप टाकायचा. धुराचा लोट बाईच्या अंगाखालून वर जायचा. ओवा-शेपाची धुरी बाळंतिणीला देणं इथल्या प्रत्येक घराला ठाऊक. आईनं दिलेली, सासूनं दिलेली. बाबानं नवं असं काहीच आणलं नव्हतं. घरचीच रीत उचलून तिला त्यानं देवाचा टिळा लावला होता, म्हणून कुणाला तिच्यात खोट दिसत नव्हती.

गर्दीच्या मागं, जीपला टेकून, डॉ. भारत जोगदंड हा सगळा तमाशा बघत होता आणि आतल्या आत धुमसत होता. धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा तो डॉक्टर. पाटोद्याकडच्या एका बौद्ध कुटुंबातला, शिकून नोकरीला लागलेला, स्वभावानं तापट. आज त्यानं छावणीत बायकांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. तंबू ठोकला होता, टेबल मांडलं होतं, वत्सलाबाई सिस्टर हातमोजे घालून सकाळपासून बसल्या होत्या. दुपार झाली तरी तंबूत फक्त एक शेळी येऊन बसली होती.

"सर, हिलाच तपासू का?" वत्सलाबाई कंटाळून म्हणाल्या.

भारतला हसू आलं नाही. आज त्याला एकाच बाईची वाट होती. सिंधुबाईची.

आदल्या शिबिरात वत्सलाबाईंनी सिंधुबाईला तपासलं होतं. पिशवीच्या तोंडावर व्हिनेगरसारखं एक पातळ औषध लावतात. निरोगी जागा गुलाबी राहते, बिघडलेली पांढरी पडते. सिंधुबाईच्या पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग उमटला होता. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर व्हायच्या आधीची ती पायरी. जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन थोड्या मिनिटांत ती जागा जाळून टाकता येते. ना कापाकापी, ना पिशवी काढणं. पण दुर्लक्ष केलं तर काही वर्षांनी त्याच डागाचा कॅन्सर होऊ शकतो. दोन पोरांची आई, वय असं किती, पस्तिशीही नाही. एवढी सोपी गोष्ट, आणि ती बाई पुन्हा फिरकलीच नव्हती.

ती का फिरकली नाही, हे भारतला ठाऊक होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्यानं स्वतःच केलं होतं. आदल्या शिबिराच्या दिवशी त्यानं चाऱ्याच्या घोषणा करायच्या भोंग्यावरून सगळ्या छावणीला ठणकावून सांगितलं होतं, "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळं होतो, आणि तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो!" शब्द न् शब्द खरा होता. पण भोंगा बंद झाला आणि छावणीतल्या प्रत्येक नवऱ्यानं आपल्या बायकोकडं वळून बघितलं. त्या संध्याकाळी सिंधुबाईचा नवरा जालिंदर भाकरीच्या ताटावरून उठून गेला. ऊसतोडीला इतके मुलूख हिंडलो, उसाच्या फडावर, राहायच्या कोपीवर कोण कोण येऊन जायचं, हे सगळं त्याला एकाएकी आठवायला लागलं. त्यानंतर आठवड्यातच बाबा आले आणि किड्याची गोष्ट सांगू लागले. टँकरच्या पाण्यातून आलेला किडा! त्यात ना नवऱ्याचा दोष, ना बायकोचा. सगळा दोष टँकरचा. बोलेल त्याची बोरं विकतात. बाबाची बोरं विकली गेली आणि भारतचं खरं नाणं खिशातच राहिलं.

तो दावणीकडं गेला. सिंधुबाई म्हशीपुढं वैरण टाकत होती. बाजूला तिची सासू बायनाबाई भिंतीला टेकावं तशी खुंटाला टेकून बसली होती. वाळलेली, करारी म्हातारी. सुनेला हाताला धरून बाबाकडं नेणारी तीच, आणि बाबाची सगळ्यात पक्की भक्तही तीच.

"सिंधुबाई, जीप रिकामी चाललीय. चला दवाखान्यात. संध्याकाळी घरी आणून सोडतो."

"माझा किडा पडला, साहेब," ती खाली मान घालून म्हणाली. "मी डोळ्यानं बघितला."

"पोटातलं पाणी पिशवीत जातच नाही हो! वाटच नाही तिथं. टँकरचा किडा पिशवीत शिरणार कुठून?"

"ते मला काय म्हाईत? पर किडा पडल्यापासून ह्यांनी मला शिवी दिली न्हाई." तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमचं औषध घ्यायचं म्हंजी तुमचं म्हणणं खरं मानायचं. मंग मी घरात कशी राहू, ते सांगा."

 बायनाबाई खेकसली, "कावून पाठी लागलाव तिच्या? तुमी डॉक्टर लोक, आलं दुखणं की काढा पिशवी. आमच्या टोळीत निम्म्या बायांच्या पिशव्या काढून टाकल्यात तुमी. बाबानं कुणाचं काय कापलं का?"

हे मात्र खोटं नव्हतं. ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या जराशा दुखण्यावरून काढून टाकणारे महाभाग भारतच्याच पेशातले होते. तो मागं फिरला.

छावणी चालवणाऱ्या सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव मांडवात आपल्या हातांच्या लाकडी खुर्चीत बसले होते. शंभर एकराचे धनी, सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची, आणि गावातल्या लोकांच्या मते गावही त्यांचंच.

"विठ्ठलराव, हा माणूस थांबवा. बायका मरतील."

"लोकांची श्रद्धा हाय, डॉक्टरसाहेब." विठ्ठलरावांनी पान जुळवलं. "आन खरं सांगू का? बाबा आल्यापासून वैरण वाळली हाय, कमी हाय, अशी एक तक्रार न्हाई. छावणी कशी शांत हाय बघा."

पालथ्या घड्यावर पाणी! भारत तिथून उठला तो सरळ छबुबाईपुढं गेला. ती आपले किडे विड्याच्या पानात घेऊन आल्या-गेल्याला दाखवत होती. त्यानं त्यातले थोडे मागून घेतले. तिनं मोठ्या कौतुकानं दिले.

आरोग्य केंद्रात मलेरियाच्या काचा तपासायचं सूक्ष्मदर्शक होतं. भारतनं एक किडा काचेवर ठेवून त्यावर डोळा लावला आणि बघतच राहिला. किड्याला तोंड नव्हतं. आतडं नव्हतं. नुसत्या विटा रचाव्यात तशा ओळीनं पेशी, झाडाच्या असतात तशा. एका किड्याचं शेपूट अजून चपट्या, पिवळट टरफलात अडकलेलं होतं.

"वत्सलाबाई, इकडं या. हा किडा नाही. हे बी आहे! बियातला कोंब आहे हा!"

वत्सलाबाईंनी बघितलं. "सर, दाताचा किडा काढणारे बाजारात बसायचे बघा पूर्वी. ते पण धुरीच द्यायचे. त्यांचेही किडे असेच पांढरे असायचे."

भारतनं कपाळावर हात मारून घेतला. पाटोद्याच्या आठवडी बाजारात त्याच्या आजीनं तशी धुरी घेतली होती. रिंगणीचं बी! माळावर, बांधावर, जिथं काहीच उगवत नाही तिथं उगवणारी काटेरी रिंगणी. दातातला किडा काढण्याची ती जुनी लबाडी बाबानं उचलून चक्क पिशवीत नेऊन ठेवली होती. त्याला एकाच वेळी हसूही आलं आणि संतापही.

दुसऱ्या दिवशी चारावाटपाच्या वेळी सगळी छावणी मांडवात गोळा झाली होती. भारत गर्दीतून वाट काढत बाबांच्या चौरंगापुढं जाऊन उभा राहिला.

"बाबा, टँकरचं पाणी जनावरंही पितात. त्यांच्याही पोटात किडा असेल ना?"

बाबांनी पाठमोऱ्यानंच विचार केला. छावणीत बायकांपेक्षा जनावरं कितीतरी जास्त होती. "असतोय की! जनावरातबी असतोय!"

"मग ह्या बैलाला धुरी द्या."

धुळाजी धनगराचा म्हातारा, गरीब बैल पुढं आणला गेला. धुळाजी टवाळखोर, कशालाही तयार. बैलाच्या पाठीवर घोंगडं टाकलं, पोटाखाली परात सरकवली, लाल फाळावर धूप पडला. बैलानं शिंकल्यासारखं करून शेपटी उडवली. थोड्या वेळानं चेलिणीनं परात ओढून काढली.

"पडला! बैलाचा किडा पडला!"

"बघा!" भारत गर्दीकडं वळून ओरडला. "बैलाला गर्भाची पिशवी असते का? आणि ह्याच्यातून तोच किडा पडला! आता तरी कळलं का?"

लोकांना फार चांगलं कळलं. "धुरीबाबा की जय!" गर्दी दुप्पट जोरानं ओरडली. "बैलालाबी गुण आला!" दोघंतिघं लगेच आपापली जनावरं सोडायला पळाले. बायनाबाईनं परातीतली राख बोटानं घेऊन कपाळाला लावली. बाबा पाठमोरे बसून नुसते डुलत होते.

भारतला रडावं की डोकं फोडून घ्यावं तेच कळेना. ह्या लोकांपुढं गीता वाचली काय नि गाढवापुढं वाचली काय, असं त्याच्या तोंडावर आलं होतं, ते त्यानं गिळलं. वत्सलाबाईंनी मागून त्याची बाही ओढली. "सर, कुणीच नको वर. रिकामं ठेवा. आणि धूप तुम्ही टाका."

भारतनं इकडंतिकडं बघितलं. विठ्ठलराव चारा बघायला उठले होते, त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यानं खुर्ची उचलून मधोमध ठेवली, तिच्यावर घोंगडं टाकलं, खाली परात सरकवली, फाळ आरात घातला.

"ओ डॉक्टर, मंतराबिगर धुरी दिली तर पाप लागंल!" बाबा पहिल्यांदाच तोंड फिरवून गर्दीकडं बघत ओरडले.

"लागू द्या. मंत्र नाही, बाई नाही, बैल नाही. नुसती रिकामी खुर्ची." त्यानं चेलिणीच्या हातातली धुपाची पिशवी काढून घेतली आणि मूठभर धूप फाळावर टाकला. तडतड आवाज झाला, धूर उठला.  त्यानं परात ओढली आणि धुळाजीच्या पुढ्यात धरली.

परातीत किडे होते. बैलाच्या खालून पडले त्याहून जास्तच.

बाबांचा चेहरा उतरला. पण इतकी वर्षं जिभेवरच पोट भरलेला माणूस तो. "खुर्चीतबी किडा असतोय!" तो किंचाळला. "बसणाऱ्याचा किडा खुर्चीत उतरतो!"

"ते आमाला आधीच म्हाईत हाय, बाबा!" धुळाजी म्हणाला. "चेअरमनच्या खुर्चीत लई दिवसांपासून किडा हाय!"

छावणी खदखदून हसली. बायका पदर तोंडात घालून हसल्या. चाऱ्याची गाडी सोडून विठ्ठलराव परत आले तर सगळी छावणी त्यांच्या खुर्चीकडं बोट दाखवून हसत होती. त्यांचं डोकं भडकलं. वारा येईल तशी पाठ देण्यात ते तरबेज. "बे भामट्या, माझ्या खुर्चीत किडा हाय म्हणतोस?" असं म्हणत त्यांनी बाबांचा चौरंगच उलथवला.

भारतनं परातीतला एक किडा बोटावर घेतला, त्याचं टरफल अजून चिकटलेलंच होतं. त्यानं छबुबाईपुढं बोट धरलं. "छबुबाई, तुम्ही काल हे पानात घेऊन फिरत होता. नखानं सोलून बघा हे काय आहे."

छबुबाईनं सोललं. हुंगलं. आणि तिचं तोंड पडलं. "रिंगणीचं बी हाय की वो हे. माझ्या बांधाला लई हाय रिंगणी."

"धुपात मिसळून, तूप लावून तापल्या लोखंडावर टाकलं की हे बी फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. एवढंच. तुमच्या अंगातून काही पडलं नाही, कारण तुमच्या अंगात किडा नव्हताच."

गडबडीत बाबा आणि चेलिणीनं पोबारा केला. पोरं त्यांच्या मागं हुर्यो करत फाट्यापर्यंत गेली. भारतला वाटलं, जिंकलो.

तेव्हा जालिंदर पुढं आला.

"मंग डॉक्टरसाहेब," तो शांतपणे म्हणाला, पण त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, "किडा खोटा. बरं. मंग तुमचं भोंग्यावरचं खरं. रोग संबंधातून येतोय. मी तर तिच्याबिगर कुणाकडं गेलो न्हाई. मंग तिला कुठून आला?"

हसणं थांबलं. लोक मान वळवून सिंधुबाईकडं बघू लागले. ती वैरणीची पेंढी छातीशी धरून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.  बाबाचा किडा खोटा होता, पण ह्या बाईचं घर त्या खोट्यावर उभं होतं, आणि आत्ताच सगळ्यांदेखत त्यानं ते पाडलं होतं.

"जालिंदर, ऐका. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो. बायांना आणि गड्यांनाही. दुखत नाही, खुपत नाही, गड्याला तर कळतही नाही. बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप हुसकून लावतं. थोड्याच जणींच्या अंगात तो वर्षानुवर्षं दबा धरून राहतो आणि मग बिघाड करतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. तुमच्याकडूनही आला असेल. लग्नाआधीचाही असेल."

"माझ्याकडून?"

"लग्नाआधी कारखान्यावर ट्रॅक्टर चालवत होता ना तुम्ही? रात्री कुठं कुठं मुक्काम पडायचे?"

जालिंदरचं तोंड लाल झालं. आजूबाजूचे गडी एकदम जमिनीकडं बघायला लागले. धुळाजीलाही काही विनोद सुचला नाही. पण पुरुषाचा अभिमान असा शहाणपणानं थोडाच उतरतो!

"माझं सोडा," तो म्हणाला. "मी हिला उद्या माहेरी धाडतो. तिथं जाऊन काय करायचं ते करा म्हणावं."

भारत बोलत राहिला. समजावलं, रागावला, हातही जोडले. एक शब्द आत शिरेना. सिंधुबाईनं पेंढी खाली ठेवली आणि आपल्या पालाकडं चालू लागली. बोचकं बांधायलाच चालली होती ती, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी तिला अडवत नव्हतं.

"थांब गं!"

बायनाबाई खुंटाला धरून उठली. उठताना तिला जड गेलं. कपाळावरची राख अजून तशीच होती.

"जालिंदर, मलाबी माहेरी धाड."

"काय बोलायलीस, माय?"

"मला अंगावरून रगत जातंय. पाळी जाऊन किती वर्सं झाली, आन आता रगत जातंय. वास मारतंय. कुणाला सांगितलं न्हाई. बाबाच्या धुरीला मी समद्यांच्या आधी बसले, ते काय उगाच बसले का?" ती एका दमात बोलत होती, थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी. "तुजा बाप मेला तवा तुला मिसरूड फुटलं न्हवतं. तवापास्नं ह्या गावानं मला कुणाच्या दारात उभी बघितलंय का? इचार की ह्या समद्यांस्नी. बोल. मला कुठून आला?"

जालिंदरनं मान खाली घातली.

"इचार ना बे!"

 बायनाबाईच्या नावानं गावात शपथा घ्यायचे लोक. वत्सलाबाई पुढं गेल्या आणि त्यांनी म्हातारीला धरून खाली बसवलं. पाळी गेल्यानंतर रक्त जाणं, दुर्गंधी, हे वजन उतरलेलं अंग. ह्याचा अर्थ काय असू शकतो, हे भारतला तपासण्याआधीच कळून चुकलं होतं. छावणीत आला की तो ह्याच दावणीवरून जात होता. खुंटाला टेकून बसलेली ही म्हातारी त्याला दर वेळी दिसत होती. बाबाची भक्त म्हणून तो तिच्यावर फक्त चिडत राहिला होता.

"तुमच्या मायला तो तुमच्या वडिलांकडून, त्यांच्या तरुणपणी आला असेल," भारत हळू आवाजात जालिंदरला म्हणाला. "आणि तुमच्या वडिलांना कुठून आला हे ना त्यांना कळलं असेल, ना तुमच्या मायला. आता त्यांच्यावर चिडून काय करणार?"

जालिंदर खाली बसला. मायच्या पायाशी, मातीत. मग त्यानं मान वर केली ती सिंधुबाईच्या दिशेनं. "जीप कुठंय?" एवढंच तो म्हणाला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात सिंधुबाईचं काम चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. टेबलावरून उतरल्यावर तिनं विचारलं, "झालं? येवढंच?" आणि मग ती रडायला लागली. येवढ्यासाठी घर मोडत होतं!

बायनाबाईचं तेवढ्यावर भागलं नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बराच पसरलेला. मोठ्या शहराच्या दवाखान्यात तिला विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला. त्यानं दुखणं कमी होईल, दिवस वाढतील. पुरतं बरं होण्याची वेळ मात्र निघून गेली होती. काही वर्षं आधी, नुसता पांढरा डाग असताना, कुणी बघितलं असतं, तर तीही सुनेसारखीच टेबलावरून उतरून घरी गेली असती. हे वाक्य भारतला रात्रंदिवस छळत होतं.

आणि बाबा? बाबांना काय धाड भरलीय! महिन्याभरातच परळीकडच्या एका छावणीत "फाळनाथ महाराज" अवतरल्याची बातमी आली. तीच चेलीण, तेच किडे, तीच गर्दी. भारतनं बातमी ऐकली आणि हातातला कप आपटला. एका ठिकाणचं तण उपटावं तर दुसऱ्या बांधावर तयार!

तो गेला. वत्सलाबाई आणि जालिंदरही बरोबर गेले. भारतनं रिकाम्या खुर्चीचा खेळ तिथंही केला. लोक तिथंही हसले, महाराज तिथूनही पळाले. मग भारतनं आता नीट, हळू, भोंग्याशिवाय सगळं सांगितलं. विषाणू काय, तो किती सर्रास, तीस ओलांडलेल्या बाईनं तपासून का घ्यायचं, वयात येणाऱ्या पोरींना लस का द्यायची. आणि तिथंही तेच झालं. गडीमाणसं बायकांकडं वळून बघू लागली. बायका जमिनीकडं.

जालिंदरनं ते बघितलं आणि तो उठून उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावेत हे कळत नव्हतं.

"मी दगडपिंपरीचा जालिंदर," तो म्हणाला. "माझ्या मायला हाच रोग हाय. ती आता वाचायची न्हाई. तिला कवापास्नं तरास हुता, पर तिनं सांगितलं न्हाई. आमी इचारलंच न्हाई. आन इचारलं असतं, तरी मी माझ्या बायकूला इचारलं तसंच इचारलं असतं. कुठून आला, म्हणून."

त्यानं हात पाठीमागं बांधले. 

"तसं इचारू नका. दुखतंय का, येवढं इचारा. आन मंग गाडीत बसवून घेऊन या."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा गडी हळूच उठला आणि बायकांच्या बाजूला जाऊन आपल्या बायकोपुढं उकिडवा बसला. तो तिला काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. तिनं पदर डोळ्याला लावला आणि मान हलवली.

वत्सलाबाईंनी हातमोजे घातले.